आतली गाठ

काचसामानाच्या दुकानात विकणारा पुढे असतो आणि बांधणारा मागे. अलगदकाका उभ्या आयुष्यात कधी पुढे आले नाहीत. पुढे मालक गोड बोलून एखादी फुलदाणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा आणि मग ती मागे यायची, लाकडी टेबलावर. तिथे काकांच्या एका हाताला रद्दीचा ढीग, दुसऱ्या हाताला सुतळीचा गुंडा आणि तोंडात एकच शब्द असायचा. हमाल खोकं उचलायला वाकला की ‘अलगद’. गिऱ्हाइकाने पिशवी खांद्याला लावली की ‘अलगद हं’. एकदा मालकाने रागाच्या भरात दार आपटलं, तर आतून आवाज आला, ‘अलगद’. त्या दिवसापासून मालकासकट सगळे त्यांना अलगद म्हणू लागले, आणि केस पिकल्यावर लोकांनी आपणहून पुढे ‘काका’ जोडलं.

बांधणीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं दुकानातले लोक म्हणायचे. काका ते मान खाली घालून, पण एकही शब्द न सोडता ऐकून घ्यायचे. खोकं भरून झालं की ते कानाशी धरून हलवायचे. आत जरा जरी खुट्ट झालं तरी पुन्हा उघडायचे, मग गिऱ्हाईक कितीही पाय आपटत उभं असो. माणूसच तसा होता. मुलगी झाली तेव्हा पहिल्यांदा तिला हातात दिल्यावर त्यांनी ती दुलईत अशी काही गुंडाळली की नर्सबाई म्हणाल्या, अहो, हे बाळ घरी न्यायचंय, परगावी पाठवायचं नाहीये.

बांधून झाल्यावर दोरीला मारायची ती मात्र नेहमी सुरगाठ. एक टोक ओढलं की दोरी मोकळी. बांधणाऱ्याने उघडणाऱ्याचा विचार केला पाहिजे, ज्याच्या घरी वस्तू पोचली त्याने दातांनी दोरी का तोडायची, असं त्यांचं म्हणणं. घरात याच्या नेमकं उलटं. काकू कशालाही गाठ मारायच्या ती निरगाठ. जुन्या कपड्यांचं बोचकं असो, नाहीतर साखरेची पिशवी, गाठ बसली की ती फक्त कात्रीलाच दाद द्यायची. शिवाय उरलेली दोन्ही टोकं त्या दोरीखाली खोचून टाकायच्या, म्हणजे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे याचाही पत्ता लागू नये. लग्न झाल्यापासून काकांना चेष्टेला हा विषय पुरला होता. हिची गाठ सोडवायला सुतार बोलवावा लागतो, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. काकू शांतपणे म्हणायच्या, ‘म्हणून तर संसार सुटला नाही.’

दुकानातून निवृत्त झाले तरी काकांची बांधणी सुटली नाही. आसपास कुणालाही काही नाजूक, लांब पाठवायचं असलं की ते खोकं काकांकडे यायचं. समोरच्या संगीत शिकवणाऱ्या बाईंनी भावाला पाठवलेलं काचेच्या दाराचं घड्याळ काकांनीच बांधलं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा टेबलावरचा दिवाही त्यांच्याच हातून गेला. काका संध्याकाळी बांधायचे, खोकं बाहेरच्या खोलीत ठेवायचे आणि सकाळी ज्याचं त्याच्या हवाली करायचे. मोबदला म्हणून चहा पुरे. वस्तू सुखरूप पोचल्याचा निरोप आला की त्या दिवशी काकांना जेवण दोन घास जास्त जायचं.

अशात मुलीने एक बेत काढला. ती लांब राहायची, विमानाशिवाय गाठता येऊ नये इतकी लांब. तिचा जुना लॅपटॉप आईवडिलांच्या कपाटात नुसता पडून होता. एका कंपनीची योजना होती: जुनं यंत्र टपालाने पाठवा, आम्ही तपासतो, त्याची किंमत नव्यातून वजा करतो. नवा टॅबलेट आला की आजी-आजोबांना नातीचा चेहरा मोठा दिसेल, नाहीतर फोनवर आजोबांना नात कमी आणि स्वतःचं नाकच जास्त दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं.

कंपनीने घरपोच रिकामं खोकं पाठवलं. काकांनी ते बोटांनी दाबून पाहिलं आणि हे खोकं आहे की चपलांचा डबा, असं विचारलं. सोबत सूचनांचा कागद होता. बाहेरून दोरी बांधू नये, टपालाच्या यंत्रात अडकते. हे वाचून काकांना आपलं अर्धं अंग काढून घेतल्यासारखं झालं. पण बाहेरून नको तर आतून, एवढं त्यांना लगेच सुचलं. लॅपटॉप मऊ कागदात गुंडाळला, चारी कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या घड्या बसवल्या, वरून बारीक दोरी आवळून सुरगाठ मारली आणि ते बोचकं खोक्यात ठेवून कडेने कागदाचे बोळे ठासले. चिकटपट्टी लावली. कानाशी धरून हलवलं. खोकं मुकं होतं.

त्या संध्याकाळी चष्मा सापडेना. उशीखाली नाही, वर्तमानपत्राखाली नाही, कपाळावरही नाही. सकाळी आंघोळ करून आले तर चष्मा खिडकीत. ‘तुमच्या नाकासमोर तर होता,’ काकू म्हणाल्या. चष्मा अलीकडे फारच हरवायचा, पण चष्मे हरवतातच, काकांनी ते मनावर घेतलं नव्हतं. मग खोकं न्यायला माणूस आला. काकांनी त्याला आपला ठरलेला शब्द सांगितला. त्याने खोकं गाडीच्या पेटीत भिरकावलं तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले.

काही दिवसांनी फोनवर निरोप आला. यंत्र तपासले. स्क्रीन एका कोपऱ्यात फुटलेली आहे. कारण: अयोग्य पॅकिंग. किंमत कमी करण्यात येत आहे. मान्य असल्यास तसे कळवा, नसल्यास तक्रार नोंदवा.

काकांनी तो निरोप उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग काकूंना वाचायला दिला. काकूंनी वाचला आणि फोन परत देताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलगी तिकडून भडकली. या कंपन्या सगळ्यांनाच असं करतात, वस्तू एकदा हातात आली की खोट काढायची, यात नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणाली. मग वडिलांचा आवाज ऐकून नरमली. म्हणाली, जाऊ द्या बाबा, वरचे पैसे मी घालते.

‘पैशाचं कोण बोलतंय?’ काका म्हणाले.

पैशाचं खरंच कुणी बोलत नव्हतं. काकांना त्या निरोपातले दोनच शब्द दिसत होते. कुणी त्यांना कंजूष म्हटलं असतं, बावळट म्हटलं असतं, तर ते हसले असते. पण त्यांच्या हातची वस्तू फुटली, आणि ती बांधणीमुळे फुटली, हे कुणीतरी कुठेतरी कायमचं लिहून ठेवलं होतं. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं हो. आयुष्यभर एक गोष्ट केली आणि ती नीट केली, एवढीच त्यांची कमाई, आणि तिच्यावर कुणीतरी रेघ मारली होती. ते दोन शब्द पुसले जावेत, बाकी काही नको, असं त्यांनी ठरवलं आणि कंपनीचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली.

फोन लावला की आधी ध्वनिमुद्रित आवाज सांगायचा की आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि लगेच तो मोलाचा वेळ गाणं वाजवून घालवायचा. काका ते गाणं पाठ होईपर्यंत ऐकायचे. शेवटी तक्रार घेणाऱ्या एक ताई यायच्या. आवाजावरून तरुण, शिस्तीच्या, पण तुसड्या नाहीत. काका त्यांना मऊ कागदापासून सगळं सांगायचे. ‘तुमचं म्हणणं मी नोंदवून घेते, सर,’ त्या म्हणायच्या. नोंदवून घेणं म्हणजे बाजूला ठेवणं, हे ओळखायला काकांना फार वेळ लागला नाही. पण त्यांनी सोडलं नाही. एकदा ताईंनी किंमत थोडी वाढवून देण्याची तयारी दाखवली. काका म्हणाले, पैसे आहेत तेवढेच असू देत, फक्त ते दोन शब्द काढा. ताई गोंधळल्या. कारण लिहिल्याशिवाय नोंद पुढेच सरकत नाही, म्हणाल्या. आधीपासून फुटलेलं, वाहतुकीत फुटलेलं किंवा अयोग्य पॅकिंग, यातलं एक लिहावंच लागतं.

‘मग कशावरून तिसरं?’ काकांनी विचारलं. ‘खोकं उघडताना फोटो काढत असाल ना? ते दाखवा.’

विचारून बघते, असं ताई म्हणाल्या.

फोटोंची वाट बघण्यात काका वाळत चालले. मधल्या काळात त्यांनी स्वयंपाकघरातला एक काचेचा पेला बांधून टेबलावरून खाली टाकला. फुटला नाही. मग खुर्चीवर चढून टाकला. तरी फुटला नाही. माणसाने खूश व्हावं की नाही? काका जास्तच खचले. पेला फुटत नाही तर ते कसं फुटलं, म्हणजे त्या दिवशी हात कुठेतरी चुकला, आणि चुकला तो आपल्याला कळलासुद्धा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते बसल्याबसल्या हात उलटेसुलटे करून बघत राहायचे.

संगीताच्या बाई एक दिवस काचेचं तावदान घेऊन आल्या, बहिणीला पाठवायचं होतं. काका दारातच म्हणाले, ‘दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्या. माझ्याने आता खात्री देववत नाही.’ बाई तावदान छातीशी धरून तशाच परत गेल्या. काकूंच्या हातातला झारा कढईतच थांबला.

‘सोडून द्या ना तो नाद,’ त्या बाहेर येऊन म्हणाल्या. ‘लॅपटॉपच तर होता.’

‘तुलाही तेच वाटतंय,’ काका म्हणाले. ‘माझ्याने आता होत नाही, हेच वाटतंय ना तुला?’

काकू परत कढईकडे वळल्या. काकांनी त्या वळण्याचा अर्थ लावायचा तोच लावला.

फोटो आले ते दुपारी. ताईंनी कुठल्यातरी गोदामातून खणून काढून आपणहून पाठवले होते. एकात खोकं होतं, त्याची एक कड चेपलेली. एकात फुटलेला कोपरा, तो बघून काकांच्या जिवाला लागलं. आणि एकात खोक्यातून नुकतंच काढलेलं, न सोडलेलं बोचकं. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. दोरीवर गाठ होती ती सुरगाठ नव्हती, घट्ट बसलेली निरगाठ होती.

काका ताडकन उठले. म्हणजे यांनी उघडलं होतं. फोटोच्या आधीच उघडलं, पाडलं, फोडलं, पुन्हा बांधलं आणि वर माझ्या बांधणीला नावं ठेवली. आता सापडले की नाही चोर? मुलीला फोन लावायला त्यांनी बोट उचललं, आणि मग पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. गाठीची दोन्ही टोकं दोरीखाली नीट खोचलेली होती. अशी टोकं खोचणारं एकच माणूस त्यांना या जगात माहीत होतं, आणि ते या क्षणी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतं.

ते आत गेले. स्टुलावर बसले. फोन ओट्यावर, काकूंना दिसेल असा ठेवला.

‘ही गाठ तुझी आहे,’ ते म्हणाले.

काकूंनी हातातली ताटली पुसून पूर्ण केली, जागेवर ठेवली. ‘हो,’ म्हणाल्या.

‘का उघडलंस?’

‘तुमचा चष्मा आत होता.’

मग त्यांनी सगळं सांगितलं, ताटल्यांकडे बघत. रात्रभर चष्म्याचाच विचार होता. सकाळी काका आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी खोकं उघडलं, दोरी सोडली. चष्मा मऊ कागदात, कोपऱ्याच्या पुठ्ठ्याशेजारीच गुंडाळला गेला होता. तो काढला, पण मग पुठ्ठा काही केल्या पहिल्यासारखा बसेना. तेवढ्यात न्हाणीघरातलं पाणी थांबलं. घाईघाईत जमेल तशी दोरी आवळली, वरून पट्टी लावली. ‘कोपरा सैलच राहिला. तिथेच फुटलं. तुमच्याकडून नाही, माझ्याकडून फुटलं.’

‘मग मला सांगितलं का नाहीस? इतके दिवस बघत होतीस ना मला?’

‘काय सांगू?’ काकूंचा आवाज पहिल्यांदाच हलला. ‘उघडलं हे सांगायचं तर चष्मा कुठे सापडला तेही सांगावं लागलं असतं.’

काकांनी फोटोतली ती गाठ पुन्हा मोठी करून पाहिली. एक शंका होती आणि ती विचारायची त्यांना भीती वाटत होती. तरी त्यांनी विचारलं. ‘हे पहिलंच उघडलंस?’

‘नाही,’ काकू म्हणाल्या.

दंतवैद्यांच्या दिव्याबरोबर घराची किल्ली चालली होती. घड्याळाच्या खोक्यात कात्री. एकदा गोळ्यांचं पाकीट. काही वेळा काहीच नाही, उगाच उघडलं. गेलं वर्षभर काका संध्याकाळी बांधायचे आणि सकाळी ते आंघोळीला गेले की काकू उघडून बघायच्या.

‘पण त्या खोक्यांना बाहेरून दोरी होती,’ काका म्हणाले. ‘सकाळी मी बघायचो. सुरगाठच असायची.’

‘मीच मारायची. शिकले. इतकी वर्षं तुमचे हात बघतेय, न शिकून काय करते? ही आतली होती, दिसणार नव्हती. आणि घाई होती. बोटं आपल्या वळणावर गेली.’

‘तुला सुरगाठ येते,’ काका म्हणाले, ‘आणि तू मला गाठीवरून चेष्टा करू देत होतीस.’

‘तुम्हाला बरं वाटायचं.’

काका आधी हसले. ‘भलतीच आतल्या गाठीची निघालीस तू,’ ते म्हणाले, आणि हे बोलताना काय बोलून गेलो ते कळून आणखी हसले, आणि काकूही हसल्या, आणि हसताहसता काकांना रडू आलं. त्यांना काकूंची इतकी माया वाटली आणि स्वतःची इतकी भीती वाटली की दोन्ही एकदम सोसवेना. त्यांनी ओट्यावरचं फडकं ओढून डोळे पुसले. फडकं ओलं होतं.

‘मी विसरायला लागलोय,’ ते म्हणाले.

काकू ‘छे’ म्हणाल्या नाहीत. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ‘थोडंसं,’ म्हणाल्या. ‘हात नाही विसरलेले. हात सगळं नीट करतात. फक्त आत काय काय जातंय तिकडे लक्ष नसतं.’

दुसऱ्या दिवशी ताईंचाच फोन आला. आवाजात शिस्त कमी आणि आनंद जास्त होता. त्यांनी वरिष्ठांकडे फोटो नेले होते. खोक्याची कड चेपलेली आहे, म्हणजे ते कुठेतरी पडलेलं असणार, असं त्यांनी पटवून दिलं होतं. कंपनी आता कारण बदलायला तयार होती. वाहतुकीत नुकसान. किंमत पूर्ण मिळेल, आणि पॅकिंगबद्दलचे शब्द काढून टाकले जातील. ‘तुम्हाला हेच हवं होतं ना, सर?’

हेच हवं होतं. काकांनी फोनचा आवाज मोठा ठेवलेला असल्यामुळे काकूंनीही ऐकलं. त्या दारातून हाताने खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

‘नको, ताई,’ ते म्हणाले. ‘तुमचे शब्द बरोबर आहेत. कोपरा नीट बसला नव्हता. खोकं पडलं असेल, पण कोपरा बसला असता तर पडूनही फुटलं नसतं.’

मग ताई जपून म्हणाल्या की असं नोंदवलं तर किंमत कमीच राहील. राहू दे, काका म्हणाले. तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत ते मी विसरणार नाही, असंही म्हणाले आणि ‘विसरणार नाही’ म्हणताना किंचित अडखळले. ताईंनी मग कामाच्या सुरात विचारलं, नोंद पूर्ण करायची तर एवढंच सांगा, सर, पॅकिंग तुम्ही स्वतः केलं होतं ना?

काकू तरातरा पुढे आल्या. फोनसाठी हात पुढे केला. ‘माझं नाव सांगा,’ त्या कुजबुजल्या. ‘मी केलं म्हणून सांगा. तुमच्यावर नको.’

काकांनी तो पुढे केलेला हात आपल्या हातात धरला. ‘आम्ही केलं होतं,’ ते फोनमध्ये म्हणाले.

‘आम्ही म्हणजे?’

‘आम्ही दोघांनी. मी बांधतो, ही तपासते. आता असंच करतो आम्ही.’

पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत राहिला. काकूंनी हात सोडवून घेतला नाही.